जुन्या वर्षाच्या अंगातली डांगरी

भिणं हा पुष्कळांचा स्वभाव असतो. लीनाने त्याचं रोजचं काम करून ठेवलं होतं. पोटापाण्यासाठी ती कुवेतच्या जाब्रिया भागातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्त काढायची. दिवसाला पन्नास-साठ हात तिच्यासमोर यायचे, लहान मुलं किंचाळायची, मोठे बाप्ये डोळे मिटून घ्यायचे, आणि तिची सुई पहिल्याच प्रयत्नात शिरेत जायची. तिथे ती वाघीण होती. पण फाहाहीलमधल्या घराचं दार उघडलं की वाघिणीची शेळी व्हायची. गॅसचं बटण बंद आहे ना, हे ती निजण्याआधी तीनदा बघायची. लिफ्ट जरा घरघरली की चार मजले जिना चढून यायची. आणि नवऱ्याला कामावरून यायला उशीर झाला की देव पाण्यात घालून बसायची. हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. तिच्या देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण वर्षातले कितीतरी तास खरोखरच वाटीभर पाण्यात काढायचा.

नवरा विजयकुमार, मूळ नाशिकचा, शुऐबातल्या एका प्लांटवर कंत्राटी कंपनीतर्फे इन्स्पेक्शन इंजिनिअर होता. मोठमोठ्या टाक्या बंद करून, रिकाम्या करून धुऊन काढल्या की त्यांच्या पोटात उतरायचं, बॅटरीच्या उजेडात पत्रा कुठे पातळ झालाय, जोड कुठे उकललाय ते बघायचं आणि वर येऊन लिहून द्यायचं, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. घरी तो यातलं काही सांगायचा नाही. विचारलं तर हसायचा. "तू भितेस तेवढं पुरे आहे घराला," म्हणायचा. सोळा वर्षांची सलोनी बापाच्याच बाजूची. आईने चिंतेचा सूर लावला की ती मोबाइलवरून नजर न उचलता म्हणायची, "मम्मा, यू आर डूइंग इट अगेन."

पण लीनाची भीती काही आभाळातून पडलेली नव्हती. तिचा धाकटा मामा नव्वद साली इथेच, कुवेतमध्ये, एका दुकानाचं गोदाम सांभाळायचा. इराकी फौजा शिरल्या. बरोबरचे लोक जॉर्डनमार्गे रडतखडत घरी पोचले, मामा पोचला नाही. पत्र नाही, प्रेत नाही, शेवटचं कुठे पाहिलं ते सांगणारा माणूस नाही. मामीने बारा वर्षं कुंकू लावून वाट पाहिली. बारा वर्षं उलटल्यावर नाशिकला गोदेच्या काठी गुरुजींनी पळसाची पानं आणि दर्भ यांचा माणूस बांधला. डोक्याच्या जागी नारळ. त्याच्या अंगावर मामीने मामाचा निळ्या रेघांचा शर्ट घातला आणि त्याला अग्नी दिला. लीना तेव्हा चोवीस वर्षांची होती. आगीचं तिला एवढं काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात बसली ती त्याआधीची पाच मिनिटं. शर्ट चढवल्याबरोबर ते पानांचं गाठोडं मामासारखं दिसायला लागलं होतं आणि मामी त्याची कॉलर सारखी करत होती.

पुढे लग्न होऊन लीना त्याच देशात आली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही.

तीन वर्षांपूर्वी समोरच्या फ्लॅटमध्ये मारिसोल राहायला आली. कोलंबियाच्या डोंगराळ भागातलं, एका ज्वालामुखीच्या पायथ्याचं पास्तो हे तिचं गाव. इथे ती खासगी शाळेत संगीत शिकवायची. नवरा नेल्सन तेलाच्या ड्रिलिंगवर, महिन्यातले तीन आठवडे वाळवंटात. एरवी गरीब गाय असलेली ही बाई डिसेंबर लागला की अंगात आल्यासारखी वागायची. सात तारखेला संध्याकाळी तिने दाराबाहेर दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांची रांग लावली. त्यांच्या देशात त्या संध्याकाळी येशूची आई मरियम हिच्यासाठी घरोघरी, गल्लोगल्ली अशा मेणबत्त्या लावतात. लीनाने पाण्याची बादली आणली आणि शेवटची मेणबत्ती विझेपर्यंत दीड तास तिच्याशेजारी उभी राहिली. मारिसोलला वाटलं, ही भाविक आहे. तिने लीनाच्या हातात दालचिनी घातलेली, खरवसासारखी थिजवून वड्या पाडलेली नातिया ठेवली. वडी चांगली होती. बादली मात्र लीनाने खाली ठेवली नाही.

त्यानंतरच्या एक जानेवारीला सकाळी आठ वाजता, म्हणजे पास्तोत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा, मारिसोल रिकामी बॅग ओढत इमारतीला फेरी मारायला निघाली. असं केलं की वर्षभर प्रवास घडतो अशी त्यांची समजूत. लीनाने हे खिडकीतून पाहिलं. कुवेतमध्ये सुट्टीच्या सकाळी बॅग घेऊन खाली उतरलेलं माणूस म्हणजे नोकरी गेलेलं माणूस. ती अनवाणी खाली धावली आणि मारिसोलला मिठी मारून, सगळं ठीक होईल, दुसरी नोकरी मिळेल, असं सांगायला लागली. मारिसोलला उत्तर देता येईना, कारण बाराच्या ठोक्यांना एकेक करून खायची बारा द्राक्षं तिने घाईत एकदम तोंडात कोंबली होती. तेव्हापासून दोघींची गट्टी जमली.

हे झालं हसण्यासारखं. यंदाचं तसं नव्हतं.

एकतीस डिसेंबरला लीनाची ड्यूटी दोनला संपली. तीनच्या सुमारास ती जिना चढून चौथ्या मजल्यावर आली, आणि कठड्याला धरून तिथेच थांबली. मारिसोलच्या दाराशी खुर्चीवर विजयकुमार बसला होता. अंगात कामावरची निळी, गळ्यापासून पायापर्यंतची डांगरी, छातीच्या खिशावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं नाव, पायात जुने सेफ्टी शूज, मान जरा डावीकडे कललेली. विजयकुमारची मान अशीच कलायची. लीनाने हाक मारली. मग तिला त्याचं तोंड दिसलं. उशीच्या अभ्र्यात कागद कोंबून, वर रंगाने डोळे आणि मिशा काढल्या होत्या.

आतून सलोनी बाहेर आली. तिच्या हातात अर्धवट भरलेले रबरी हातमोजे होते.

"ही बाबाची डांगरी आहे," लीना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"हो. बाबानेच दिली काल. आंटीने जुने मेन्स क्लोद्स मागितले होते."

मारिसोल मागून आली आणि हौसेने समजावू लागली. दोघींचं इंग्रजी आपापल्या घरच्या वळणाचं होतं, पण एव्हाना त्यांना एकमेकींचं कळायचं. हा बाहुला म्हणजे सरतं वर्ष. त्याला नावच जुनं वर्ष. वापरून विटलेले कपडे घालायचे, आत कागद आणि भुसा भरायचा. वर्षातलं जे नकोसं असेल ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात टाकायचं. चिठ्ठ्या कोणी कोणाच्या वाचायच्या नाहीत. गेल्या वर्षांत तिला हे जमलं नव्हतं, इमारतीत आग कुठे करणार. यंदा नेल्सनच्या ओळखीतल्या एका कुवेती कुटुंबाने अहमदीच्या पलीकडे वाळवंटात हिवाळ्याचा तंबू टाकला होता. उद्या सकाळी आठला सगळ्यांनी तिकडे जायचं होतं.

"आणि मग?" लीनाने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"मग जाळायचं," मारिसोल म्हणाली.

लीना खुर्चीसमोर जिन्याच्या पायरीवर बसली. एखाद्याचं प्रेत मिळत नाही तेव्हा त्याच्या नावाने बाहुला करून, त्याचा कपडा घालून जाळतात. जित्या माणसाचा असा बाहुला करत नाहीत. त्याचं नाव छातीवर शिवलेला तर नाहीच नाही. हे मारिसोलला माहीत असायचं कारण नव्हतं. सलोनीलाही नव्हतं. विजयकुमारला मामाची गोष्ट माहीत होती, पण दर्भ, पळस, शर्ट हे लीनाने त्याला कधी सांगितलं नव्हतं. तोंडातून उच्चारलं तरी काही होईल या भीतीने तिने ते तेवीस वर्षं गिळून ठेवलं होतं.

तिने त्याला फोन लावला. लागला नाही. लागणार नव्हताच, प्लांटवर आत जाताना सगळ्यांचे फोन गेटवर जमा व्हायचे. तरी तिने सहा वेळा लावला. "मम्मा," सलोनी म्हणाली, आणि आईचं तोंड पाहून तिने हातमोजे खाली ठेवले.

लीना घरात गेली. बाळकृष्णाला वाटीत ठेवलं, वर पाणी ओतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दक्षिणेला शुऐबातल्या प्लांटच्या उंच चिमण्या दिसायच्या. त्यांतल्या एकीच्या टोकाला वर्षाचे बारा महिने ज्योत असते, तिची तिला सवय होती. आज ती ज्योत नेहमीच्या दुप्पट होती आणि तिच्यातून काळा धूर निघून समुद्राकडे पसरत होता. सकाळी जाताना तो म्हणाला होता, आज लवकर येतो, चारपर्यंत. घड्याळात चार वाजले. सव्वाचार झाले. साडेचारला ती पुन्हा मारिसोलच्या दाराशी गेली आणि बाहुल्याच्या गळ्यापासून बटणं काढायला लागली.

"लीना, काय करतेस?"

"मी हे घरी नेते आहे. दुसरे कपडे देते. नवे देते."

मारिसोलने तिचा हात धरला. "पण त्याने स्वतः दिली. खूप वेळ इथे उभा होता. मला म्हणाला, नक्की जाळशील ना. चिठ्ठीसुद्धा त्याने आपल्या हाताने ठेवली. बघ, या खिशात."

लीना थांबली. चिठ्ठी कोणाची वाचायची नाही हे तिने आताच ऐकलं होतं. पण तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि अशा वेळी माणूस दुसऱ्याच्या देवाचे नियम कुठवर पाळणार? तिने खिशाचं बटण काढलं. प्लांटवरच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला, विजयकुमारच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं:

'नऊ सप्टेंबर. टाकीत उतरलो, तळाशी पोचलो आणि खाली बसलो. उठता येईना. हवा तपासली होती, कागदावर सही होती, तरी तळाशी हवा नव्हती. वर मॅनहोलशी तौफीक होता, त्याने कमरेच्या दोरीने ओढून काढलं. चार मिनिटं म्हणतो. मला एवढंच आठवतं की आता लीनाला कोण सांगणार, असं मनात आलं. दवाखान्यात दोन तास ऑक्सिजन दिला आणि घरी सोडलं. तेव्हापासून टाकीच्या तोंडाशी गेलो की पाय कापतात. तीनदा उतरलो, तीनदा कापले. कोणाला बोललो नाही. लीनाला सांगता येत नाही, ती आधीच सगळ्यांच्या वाटची भिते. ही डांगरी त्या दिवशीची आहे. जाऊ दे एकदाची.'

तिने ते दोनदा वाचलं. नऊ सप्टेंबर तिला आठवत होता. त्या दिवशी तो दुपारीच घरी आला होता, मशीन बंद पडलं म्हणाला होता, आणि कधी नव्हे ते ओट्याशी उभा राहून तिच्याबरोबर मेथी निवडत होता. काड्या तशाच ठेवतोय म्हणून ती त्याला ओरडली होती. त्याने मुकाट्याने पुन्हा सगळी जुडी निवडली होती. एवढी वर्षं ती ज्याला घाबरत होती ते तिच्या घरात येऊन, तिच्याशेजारी उभं राहून मेथी निवडून गेलं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मारिसोलने दुसरी खुर्ची आणली आणि लीनाजवळ बसली. मग म्हणाली, "नेल्सन रिगवर जातो तेव्हा मी रेडिओ मोठा लावते. म्हणजे फोन वाजला तर लगेच ऐकू येऊ नये." हे इतक्या साध्या स्वरात सांगितलं की लीनाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

साडेपाचला अंधार पडला. सहा वाजले. ज्योत तशीच मोठी होती. सलोनी दोघींसाठी चहा करून घेऊन आली आणि आईच्या पायाशी बसली, फोनशिवाय. लीनाच्या मनात आता दोन भीती एकमेकींशी भांडत होत्या. डांगरी काढून घरी नेली तर ती टाकीच घरी नेल्यासारखं होतं, कपाटात टांगून रोज त्याला दाखवल्यासारखं. ठेवली तर उद्या सकाळी आपल्या डोळ्यांदेखत नवऱ्याच्या नावाला आग लागणार. कुठलं बरोबर हे विचारायला कोणी नव्हतं. मामी गेली त्याला सहा वर्षं झाली होती.

सात वाजून दहा मिनिटांनी लिफ्टचं दार उघडलं आणि विजयकुमार बाहेर आला. शेजारच्या युनिटमध्ये दाब वाढल्यामुळे गेट बंद केलं होतं, म्हणाला, कोणालाच सोडत नव्हते. समोर बायको, पोरगी, शेजारीण आणि आपल्याच कपड्यांतला बाहुला असे चौघं ओळीने बसलेले पाहून तो हसला. लीनाचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. त्याच्या हसण्याच्या खाली काय आहे ते आता तिला दिसत होतं. चिठ्ठी तिने कधीच होती तशी घडी करून खिशात ठेवली होती आणि बटणं लावून टाकली होती, गळ्यापर्यंतची सगळी.

त्या रात्री तो झोपल्यावर ती त्याचा श्वास ऐकत पडून राहिली.

सकाळी अहमदीच्या पुढे धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूत हिवाळ्याचे तंबू, मध्येच उंट, मध्येच खांबावर टांगलेले दिवे. तंबूवाल्या कुटुंबातले दोन म्हातारे कॉफीचे पेले घेऊन, हे परदेशी लोक काय करतात ते बघायला येऊन बसले. लाकडी फळ्यांच्या ढिगावर बाहुल्याला उभं केलं. मारिसोलने फोन वर धरला. पडद्यावर पास्तोतलं तिचं सगळं गोत होतं, रस्त्यात, टोप्या घालून, मागे ओळीने त्यांचे बाहुले. सगळे मिळून उलटे आकडे म्हणायला लागले. शून्य झालं तसा तिकडे एकच गलका उठला आणि बाहुले पेटले. मारिसोल रडत होती आणि द्राक्षं खात होती.

ज्याचे कपडे त्याने काडी लावायची, ती म्हणाली. विजयकुमार काडेपेटी घेऊन पुढे गेला. पहिली काडी विझली. दुसरी मोडली. तिसरी पेटली, पण डांगरीपर्यंत पोचायच्या आत त्याच्या हातातून वाळूत पडली.

"वारा आहे," तो म्हणाला.

वारा नव्हता. धुकं जागच्या जागी उभं होतं. लीनाने त्याचे पाय पाहिले. पँटच्या गुडघ्यापाशी कापड हलत होतं.

ती पुढे गेली. गोदेचा काठ, निळ्या रेघांचा शर्ट, मामीचे हात, सगळं तिच्यासमोर उभं होतं. तिने नवऱ्याच्या हातातून काडेपेटी घेतली. एका हाताने त्याचं मनगट धरलं, घट्ट, लॅबमध्ये शीर सापडेपर्यंत धरतात तसं, आणि त्याला धरूनच खाली वाकली. "अहो, पेटीची कड धरा," म्हणाली. त्याने धरली. तिने काडी ओढली आणि पायाकडच्या शिवणीला लावली.

तेलकट कापड होतं, लगेच धरलं. आग वर चढली, छातीवरचं नाव क्षणभर उजळलं, आणि त्या क्षणी तो बाहुला हुबेहूब त्याच्यासारखा दिसला. लीनाने डोळे मिटले नाहीत. मनगट सोडलं नाही. बोटांखाली त्याची नाडी पळत होती, ती मोजत राहिली. कागद, भुसा, हातमोजे, सगळं खाली बसलं.

"चिठ्ठी वाचलीस," विजयकुमार म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"वाचली."

मग आगीकडे बघतच तो हलक्या आवाजात म्हणाला, "शनिवारी परत त्याच टाकीत उतरायचंय. मी नाही म्हणू शकत नाही, लीना."

एरवी अशा वेळी लीनाने देवांची नावं घेतली असती, शपथा घातल्या असत्या, रडून घर डोक्यावर घेतलं असतं. तिला तेच सगळं करायचं होतं. पण तिने विचारलं,

"वर दोरीला कोण असणार?"

"तौफीक."

"त्याचा नंबर द्या मला. आणि उतरायच्या आधी गेटवरून मला फोन करायचा, वर आलात की परत करायचा. मी ड्यूटीवर असले तरी उचलेन."

"तू दिवसभर घाबरून राहशील."

"राहीन," लीना म्हणाली.

त्याने खिशातून फोन काढला. हात कापत होता, आणि आता तो ते लपवत नव्हता. त्याने एकेक आकडा सांगितला. लीनाने नंबर घेतला, मग दोनदा मोठ्याने वाचून बरोबर आहे ना ते विचारलं.